थोरली, धाकटी आणि खंडेनवमी

माझ्या वडिलांनी कंपनीच्या कॉम्प्युटरची पूजा सुरू केली तेव्हा तो चालू होता. पूजा संपली तेव्हा तो बंद होता. मधल्या वेळात मी मोरीत आंघोळ करत होतो, आणि ती माझ्या आयुष्यातली शेवटची निर्धास्त आंघोळ.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी राहायला पेणच्या रामवाडीत आणि नोकरीला रोह्याला, एका केमिकल कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. विभाग म्हणजे मी, एक खुर्ची, एक एसी आणि एक युनिक्सचं मशीन. (एसी मशीनसाठी होता. त्याचा वारा मला लागायचा तो केवळ मशीनच्या मेहेरबानीने.) मी अजून प्रोबेशनवर होतो. दिवाळीच्या आत साहेब कायम करणार होते, नाहीतर घरी पाठवणार होते. आधीच मी स्वभावाने भित्रा. फुलबाजी पेटवायची तरी ती मी हात लांब करून, तोंड फिरवून पेटवतो. तशात प्रोबेशन! साहेबांनी नुसतं "म्हात्रे" म्हटलं तरी मी हातातलं काम सोडून उभा राहायचो.

एक दिवस साहेबांनी म्हटलंच, "म्हात्रे, आत या."

आत पनवेलचा एक विक्रेता बसला होता. त्याच्या हातात नवीकोरी हार्ड डिस्क. आमच्या मशीनमधली जुनी डिस्क 'स्कझी' पद्धतीने जोडलेली. महाग, वजनाला विटेसारखी, आणि चालू केली की पिठाची गिरणी सुरू झाल्याचा भास व्हायचा. याच्या हातातली 'आयडीई'ची; स्वस्त, हलकी आणि गप्प. "साहेब, तेवढीच फास्ट! उलट जास्तच!" तो म्हणाला. परांजपे साहेबांना यातलं फक्त 'स्वस्त' ऐकू आलं असावं.

"म्हात्रे, दोन्ही डिस्क एकाच मशीनला लावा, तुलना करा, आणि मला एका वाक्यात सांगा कोणती घ्यायची. पुढच्या सगळ्या मशीनना तीच लावायची आहे," साहेब म्हणाले. "आणि हो, तुम्हाला कायम करण्याची ऑर्डर माझ्या टेबलावर आली आहे, बरं का."

ही दोन्ही बोलणी साहेबांनी एकापाठोपाठ का केली असतील, याचा विचार करता करता परतीच्या गाडीत कासू स्टेशन कधी आलं ते कळलंच नाही.

अडचण अशी की मशीन रोजच्या कामात अडकलेलं. मोकळं होणार होतं ते फक्त दसऱ्याच्या आठवड्यात, त्या वर्षी प्लांट बंद राहणार होता तेव्हा. आणि प्लांट बंद असला की दुरुस्तीसाठी वीजही बंद.

"मग घरी न्या," दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले.

"साहेब, आत कंपनीचं सगळं आहे. स्टॉक, डिस्पॅच, पगार. टेपवरची कॉपी मागच्या महिन्यातली आहे, आणि टेपचं मशीन दुरुस्तीला गेलंय."

"मग जपून न्या."

मी जपून आणलं. टेम्पोत मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. नागोठण्यापासून वडखळपर्यंत खड्डा आला की मी त्याला पोटाशी धरायचो. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, एवढी काळजी तर बाळंतिणीला नेताना पन कुनी घेत नाय."

घरी माणसं दोन. पत्नी नंदा, जवळच्याच जिते गावची. तिचं घरात शिवणकाम. आणि माझे वडील. बाबांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलं, मुकादम होऊन ते घरी बसले. पण मुकादमकी काही बसली नाही. आता हाताखाली माणसं नव्हती, म्हणून ते आमच्यावर देखरेख करायचे.

मी मशीनचं झाकण काढलं आणि दोन्ही डिस्क पाटावर मांडल्या. बाबा पुढे आले.

"ह्या दोन कशाला रं?"

"बाबा, यातली कोणती जलद ते शोधायचं आहे."

त्यांनी दोन्ही हातात घेऊन तोलून पाहिल्या. मी खाली हात धरले. "ही थोरली," स्कझी खाली ठेवत ते म्हणाले, "आन् ही धाकटी. थोरलीत वजन हाय. काम हीच करनार." दोन वर्षं शिकून मी जे सांगू शकत नव्हतो ते त्यांनी तोलून ठरवलं आणि बिडी ओढायला बाहेर गेले.

एक भीती विजेची. रामवाडीत संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की बल्ब आहे की निखारा तेच कळायचं नाही. शेजारचे रज्जाकभाई मस्कतहून परत आले तेव्हा येताना जाडजूड स्टॅबिलायझर घेऊन आले होते. तो त्यांनी स्वतःच्या फ्रिजचा काढून मला दिला.

"भाई, फ्रिजचं काय?"

"फ्रिजमध्ये काय हाय, बोंबील! तू तुझं मशीन सांभाळ. आन् घाबरू नको एवढा, खुदा हाय वर."

वर खुदा होता, खाली स्टॅबिलायझर होता, तरी मी घाबरत होतोच.

तुलना करायची म्हणजे काय, तर एक फाइल घ्यायची, थोरलीवरून वाचायला लावायची आणि किती वेळ लागतो ते पाहायचं. मग तीच फाइल धाकटीवर घेऊन तिथून वाचायची. साधी गोष्ट. पहिल्यांदा केलं तर धाकटी जिंकली. थोडीथोडकी नाही, एका झटक्यात! मी घड्याळ हलवून पाहिलं. पुन्हा केलं, तर थोरली जिंकली, तीही एका झटक्यात. तिसऱ्यांदा दोघींनी इतक्या लवकर उत्तर दिलं की कुणी काम केलं याचाच संशय यावा. शनिवारी दुपारी धाकटी पुढे, चहानंतर थोरली. एकदा तर जी कालपर्यंत खुरडत होती ती आज हरणासारखी!

"एक काय ते ठरवा ना," नंदा शिलाई मशीनवरून म्हणाली.

"त्याच ठरवत नाहीत."

"मग चिठ्ठ्या टाका."

चेष्टा तिला सुचत होती. माझ्या डोळ्यांपुढे साहेबांचं टेबल होतं, आणि त्यावर सही नसलेली ऑर्डर. "एका वाक्यात सांगा," असं साहेब म्हणाले होते. माझ्याजवळ वाक्यं पुष्कळ झाली होती आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला खोटं पाडत होतं. असल्या माणसाला कोण कायम करणार?

शेवटी खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी ठरवलं की एक मोठ्ठी परीक्षा घ्यायची. थोरलीवर लिहायचं, वाचायचं, पुन्हा लिहायचं, दमेपर्यंत. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, सुरू केला, थोरली घरघरायला लागली, आणि मी टॉवेल घेऊन मोरीत गेलो.

इथे युनिक्सबद्दल एक सांगायला हवं. युनिक्सला काही लिहायला सांगितलं तर ते लगेच डिस्कवर उतरवत नाही. आधी डोक्यात, म्हणजे मेमरीत ठेवतं आणि सवडीने उतरवतं. म्हणून ते बंद करण्यापूर्वी रीतसर कमांड द्यावी लागते, मग ते सगळं आवरून निरोप घेतं. तसं न करता थेट बटण दाबलं तर? तर लिहिणाऱ्याच्या हातातून वही हिसकावून घेतल्यासारखं होतं. अर्धं वाक्य या पानावर, अर्धं त्या, आणि कुठलं पान कुणाचं त्याचा पत्ता नाही. कधी थोडं जातं, कधी सगळं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. मी तर इतका धसका घेतला होता की मशीन घरी आणून चालू केल्यापासून एकदाही बंद केलं नव्हतं, रीतसरसुद्धा नाही.

मी डोकं पुसत बाहेर आलो. घरात झेंडूचा वास. आणि शांतता. थोरली घरघरत नव्हती.

बाबा पाटासमोर मांडी घालून बसले होते. पाटावर फावडं, कोयता, घमेलं, नंदाची कात्री, शेजारी तिचं शिलाई मशीन, आणि मधोमध, मानाच्या जागी, कंपनीचं युनिक्स. सगळ्यांना झेंडूची माळ. उदबत्ती मशीनच्या पंख्यापुढे खोचलेली.

"बाबा..." मी म्हणालो. "हे... हे बंद कसं झालं?"

"मी क्येला."

"कसं?"

"कसं म्हंजे? खट् करून. ह्ये बटन हाय ना?"

"पण का?"

"आरं, खंडेनवमी हाय! हत्याराला आज आराम. चालू हत्याराची पूजा करतात व्हय कुनी?"

मी नंदाकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मामा आधी धुणार होते." (सासऱ्यांना ती मामा म्हणते.)

"काय?"

"सगळी हत्यारं धुतात ना आधी. घमेल्यात पाणी घेतलंच होतं. मी म्हटलं, मामा, नको, त्याला ओल्या फडक्यानं पुसा."

"ओल्या?"

"पिळलेल्या हो!"

मी गुडघ्यांवर बसलो. उघड्या मशीनमध्ये धाकटीवर कुंकवाचं बोट, थोरलीवर हळदीकुंकवाची दोन बोटं आणि वर अक्षता. थोरलीच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आत-बाहेर हवा खेळायला. त्याच्याशेजारी इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे भोक झाकू नये. बाबांनी सगळी डिस्क सोडून कुंकू नेमकं त्या भोकावर लावलं होतं.

"बाबा, इथेच का?"

"कपाळ कुठं हाय त्याचं, ते बघितलं. भोक दिसलं. म्हटलं, हेच आसंल."

"आणि नारळ? नारळ कुठे फोडलात?"

"हितंच. थोडं पानी उडालं आसंल. परसाद हाय तो, त्याला काय व्हतंय?"

माझा हात आपोआप बटणाकडे गेला. बाबांनी तो धरला. मिठागरावर हयात गेलेला हात आहे तो. एकदा धरला की सुटत नाही.

"पुजलेल्या हत्याराला आज हात नाय लावाचा."

"बाबा, माझी नोकरी आहे त्यात!"

"म्हनून तर सांगतो. मिठागरावर खंडेनवमीला फावड्याला हात लावला, तर अख्खा हंगाम मीठ धरत नाय. आमच्या एका गड्यानं लावला व्हता. पुढं काय झालं त्याचं?"

"काय झालं?"

"गेला तो. मुंबयला, टॅक्सी चालवाया." बाबांच्या लेखी याहून वाईट काही नव्हतं. "उद्या दसरा. उद्या चालू कर, वाजवून घे. आज नाय."

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आत कंपनीच्या इतक्या दिवसांच्या नोंदी होत्या की नव्हत्या, हे फक्त ते बटण दाबल्यावर कळणार होतं, आणि बटणावर झेंडूची माळ होती. मी घरात येरझाऱ्या घालत होतो. डोळे मिटले की परांजपे साहेब दिसायचे, उघडले की कुंकू लावलेली थोरली. दुपारी बाबा जेवून आडवे झाले. नंदा कुजबुजली, "घोरतायत. जा."

मी मांजराच्या पावलांनी गेलो. ठरवलं, निदान भोकावरचं कुंकू तरी पुसून घेऊ. नंदाकडून कापसाचा बोळा घेतला, थोरलीवर वाकलो आणि फुंकर मारली. कुंकू नाकात गेलं. मी असा शिंकलो की शेजारून रज्जाकभाईंनी "यरहमुकल्लाह!" म्हणून दुवा दिली, आणि बाबा उठून बसले.

"नाय सांगितलं ना?"

"पुसत होतो, बाबा."

"देवाचं कुंकू पुसतोस?" आता अपराध वाढला होता. बाबांनी चटई उचलली आणि थेट पाटासमोर अंथरून तिथे पडले. संध्याकाळी रज्जाकभाई डोकावले. मी त्यांना व्हरांड्यात घेतलं आणि म्हटलं, "भाई, तुम्ही सांगा ना बाबांना. तुमचं ऐकतील."

रज्जाकभाईंनी आत पाहिलं. चटईवर बाबा, मागे माळा घातलेलं मशीन. "बाबा," ते म्हणाले, "स्टॅबिलायझरला नाय लावलं कुंकू?"

"लावलंय तर. बघ ना."

"बरं क्येलंत," म्हणून ते निघून गेले. माझी शेवटची आशा बोंबील खायला गेली.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी आंघोळ, पूजा, सगळं उरकून, बाबांनी 'चालू कर' म्हणायची वाट पाहत मशीनपुढे बसलो. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. पांढरी. ती मला ओळखीची वाटली.

"म्हात्रे!" परांजपे साहेब हातात आपट्याची पानं घेऊन आत आले. "सासुरवाडीला पनवेलला चाललोय. म्हटलं, वाटेत पेण आहे, सोनं देऊ आणि तुलना कुठवर आली ते पाहू."

मग त्यांचं लक्ष मशीनकडे गेलं. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अक्षता.

"वा!" साहेब म्हणाले. "पूजासुद्धा केलीत!"

"व्हय सायेब," बाबा पुढे झाले. "बरं झालं आलात. हत्यार धन्याच्या हातनं सुरू व्हावं. तुमीच बटन दाबा."

मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर उशीर झाला होता. साहेबांनी चप्पल काढली, मशीनला नमस्कार केला आणि बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग पंख्यातून अक्षता उडाल्या. टर्रर्र! मग थोरली घरघरली. जिवंत होती! मी देवाकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं यायला लागली, आणि ती मला नको होती तीच होती. मशीन इंग्रजीत म्हणत होतं की आपण नीट बंद झालो नव्हतो, आता तपासणी चालू आहे. मग ते प्रश्न विचारायला लागलं. अमुक फाइलीला मालक सापडत नाही, पुसून टाकू का?

"काय म्हणतंय?" साहेबांचा वाचायचा चष्मा गाडीत राहिला होता. देव एवढा तरी होता.

"नेहमीचंच, साहेब," मी म्हणालो आणि 'हो' दाबलं.

पुन्हा प्रश्न. पुन्हा पुसू का? पुसलेली फाइल माझ्या परीक्षेतली कचरा फाइल होती की कंपनीचा डिस्पॅच, हे ते सांगत नव्हतं. फक्त आकडा दाखवायचं आणि माझ्या बोटाची वाट बघायचं.

"आरं, काय इचारतंय ते सारखं?" बाबा म्हणाले.

"काही नाही, बाबा. पुसू का म्हणतंय."

"मंग नको म्हन की!"

"काय पुसू?" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हात्रे, काय पुसताय?"

"जुनी घाण आहे, साहेब, टेस्टच्या..."

"मशीन नीट बंद केलं होतं ना तुम्ही?"

मी उत्तर शोधत होतो. बाबांनी ते शोधू दिलं नाही. "मी बंद क्येला," ते अभिमानाने म्हणाले. "पोरगा न्हात व्हता. चालू व्हता, घरघर करत व्हता. खट् करून बंद क्येला, ओल्या फडक्यानं पुसला, नारळ फोडला."

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांच्या हातातली आपट्याची पानं खाली पडली. त्या खोलीत आता दोन माणसं घाबरलेली होती, आणि सांगायला लाज वाटते, पण मला जरा सोबत झाल्यासारखं वाटलं.

प्रश्न थांबले. थोरली घरघरत राहिली. पडदा काळा झाला. मग नाव टाइप करायच्या जागेशी तो ओळखीचा ठिपका लुकलुकायला लागला.

"सल्फ्युरिकचा स्टॉक दाखवा," साहेब म्हणाले.

दाखवला. होता. डिस्पॅच? होता. पगार? सगळ्यांचा होता, माझाही होता, आणि नावापुढे अजूनही 'प्रोबेशन' होतं. गेल्या होत्या त्या फक्त माझ्या त्या मोठ्ठ्या परीक्षेच्या फाइली. नंदाने न विचारताच चहा ठेवला. साहेबांनी तो बशीत ओतून एका दमात प्यायला.

"आता," कप खाली ठेवत ते म्हणाले, "ती तुलना माझ्यासमोर करा."

मेलो! पण सुटका नव्हती. मी आधीच दोघींवर ठेवलेली फाइल थोरलीवरून वाचली, मग धाकटीवरून. धाकटी थोडीशी पुढे. थोडीशीच, झटका नाही. आजवर असं साधंसुधं उत्तर आलंच नव्हतं. "पुन्हा करा," साहेब म्हणाले. पुन्हा केलं, तर दोघी एका झटक्यात!

"हे काय? आत्ता तर वेळ लागला होता."

मी पडद्याकडे बघत राहिलो, आणि पाचावर धारण बसलेल्या अवस्थेतच माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्यांदा वाचलेलं युनिक्सने मेमरीत ठेवलं होतं! दुसऱ्यांदा विचारलं की ते डिस्कपर्यंत जातच नव्हतं. पाठ झालेलं घडाघडा म्हणून दाखवत होतं. एवढे दिवस मी थोरली-धाकटीची शर्यत लावत होतो आणि दर वेळी तिसरंच कुणीतरी पळत होतं. आज मशीन आदल्या दिवसापासून बंद होतं, मेमरी रिकामी होती, म्हणून पहिलं उत्तर खरं आलं.

हे मी सांगून संपवतो न संपवतो तोच बाबा म्हणाले, "म्हंजे दर टायमाला आधी बंद क्येलं पायजे?" आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

"नको!" मी, साहेब आणि नंदा एकदम ओरडलो. रज्जाकभाई धावत आले.

मग मी रीतसर कमांड देऊन मशीन बंद केलं, चालू केलं, वाचलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा वाचलं. उत्तर तेच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकच काम असेल तर धाकटी जराशी पुढे. मग मी एकदम तीन-चार कामं सोडली, कंपनीत चार टेबलांवरून चालतात तशी. आणि धाकटीचा दम उखडला. सगळं मशीनच जागच्या जागी थबकलं. थोरली मात्र घरघर करत सगळी कामं ओढत होती.

"असं का?" साहेबांनी विचारलं.

"थोरलीला काम सांगितलं की ती आपलं आपण करून आणून देते, साहेब. धाकटी प्रत्येक घासाला मुख्य प्रोसेसरला विचारते, आता काय करू, आता काय करू. एकटी असली तर चालतं. गर्दीत प्रोसेसरला बिचाऱ्याला दुसरं काही करताच येत नाही."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखी," नंदा आतून म्हणाली. साहेब हसले. बाबा हसले. रज्जाकभाई तर भिंतीला टेकून हसले.

साहेबांनी एक वाक्य मागितलं होतं. मी म्हणालो, "एकट्याला धाकटी, भरल्या घराला थोरली."

"थोरलीच घेऊ," साहेब म्हणाले. उठता उठता त्यांनी विचारलं, "पण म्हात्रे, हे मेमरीचं तुम्हाला आधी का नाही कळलं? एकदा मशीन बंद करून चालू केलं असतं तरी कळलं असतं."

"साहेब, मी बंदच केलं नव्हतं."

"का?"

"भीती वाटायची."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले. दिवाळीच्या आत माझी ऑर्डर झाली. मी कायम झालो. त्या दिवशी मी पुड्यातला पहिला पेढा थोरलीपुढे ठेवला, जरा लांबच, भोकापासून.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी साहेबांची पांढरी गाडी रामवाडीत आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि ऐटीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. कायम माणसाला कंपनी गाडी पाठवते हे गल्लीला दिसायला हवं होतं. ड्रायव्हर घुटमळला.

"म्हात्रे, तुमी ट्रेननं या ना."

"का?"

"सायबांनी तुमच्या वडलांना आनायला सांगितलंय. कंपनीची पूजा हाय. मागं नारळ आन् झेंडू भरलाय, तुमाला जागा नाय."

मी उतरलो. बाबा धोतर सावरत माझ्या जागेवर बसले. गाडी वळली, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ते प्रेमाने ओरडले, "रवी, तू सावकाश ये! तू येईस्तवर मी मशीन बंद करून ठेवतो!"

पेण स्टेशनवर त्या दिवशी जे लोक होते ते अजून मला ओळखतात. कायम झालेला माणूस एवढा धावताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.